बिजलीचा खुराक

धारूर, २४ फेब्रुवारी २०१९

ती. अक्कास,
उत्तरेश्वरचा नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. सिदू दुधाची गाडी घेऊन घाटनांदूरला येतोच. उत्तरही त्याच्याकडेच दे.

एका कुत्रीसाठी लिहितो आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच.

आमच्या दूध संस्थेच्या मागे मनकर्णाबाईंचा मेंढरांचा वाडा आहे. नवरा जाऊन चार वर्षे झाली. बेचाळीस मेंढरे आणि बिजली नावाची कुत्री, एवढ्यावर त्यांचे चालते. बिजली दिवसभर कळपामागे डोंगर तुडवते आणि रात्री वाड्याभोवती फिरते. यंदा वर पाणी नाही, त्यामुळे लांडगे गावाच्या कडेपर्यंत येतात. आणि नेमकी यंदाच बिजली वाळत चालली आहे. दोन-तीन महिन्यांत तिच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. मी मोजल्या. डाव्या बाजूला नऊ दिसतात.

मागच्या आठवड्यात लांडग्याने त्या बेचाळीसांतले एक कोकरू उचलले. बिजली त्याच्यामागे वीसेक पावले पळाली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी बंकट व्यापारी येऊन सगळ्या कळपाचा भाव सांगून गेला. मनकर्णाबाई मला म्हणाल्या, "पाडव्यापस्तोर वाट बघते. कुत्री उभी ऱ्हायली तर ठीक, न्हाई तर मेंढरं इकते आन लेकीकडं पुन्याला जाते भांडी घासायला." एवढे बोलून त्या बिजलीच्या अंगावरच्या गोचिडी काढत बसल्या. मी उगाच आभाळाकडे पाहिले. तिथे काही नव्हते.

तुझ्या दुकानात पेंडीबरोबर कुत्र्यांचे कोरडे खाद्यही असते ना? पळणाऱ्या, राबणाऱ्या कुत्र्यासाठी जास्त प्रथिनांचे कोणते, ते कळव. प्रथिने किती टक्के, मांसाची की मक्याची, दाण्याचा आकार केवढा, पोते उघडल्यावर किती दिवस टिकते, हे सगळे लिही. खर्च माझा. संस्थेचा यात काही संबंध नाही, हे मी डायरीतही नोंदवून ठेवले आहे.

तुझा,
उत्तरेश्वर


घाटनांदूर, २७ फेब्रुवारी

चि. उत्तूस आशीर्वाद.

तू सांगितलं तसं केलं. आधी हसले, मग वाचलं.

दुकानात तीन तऱ्हेची पोती हायेत. एक साधं, त्यात मका जास्ती. ते ठेसनातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला चालतंय, ते दिवसभर बाकड्याखाली झोपतंय आन गाडी आली की एक डोळा उघडतंय. दुसरं लई ताकदीचं म्हनून कंपनीचा मानूस देऊन गेला. तिसरं अंबाजोगाईचा एक डॉक्टर नेतो, त्याचं कुत्रं त्याच्या सायकलमागं पळतंय. मला विंग्रजी येत न्हाई, म्हनून शिवकन्यानं तिन्ही पोत्यांवरचं वाचून या कागदामागं उतरवलं हाय. नातीला वाटतंय मामा-आजोबानं कुत्रं पाळलं. तिला म्हनलं, न्हाई गं, मामा-आजोबाला अजून सोताला पाळायचं जमंना.

पोत्यावर लिवलंय की कोरड्या आन थंड जागी ठेवा. त्यातलं अर्धं आपल्या जिल्ह्यात जमतंय.

कोरडं खानं म्हनल्यावर जनावर पानी लई पितंय. तुमच्याकडं टँकर येतो का रोज?

आन तुझे दाजी जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्सं कंपाउंडर होते, त्यांचं एक सांगनं होतं. जनावर वाळलं तर औषध हुडकायच्या आधी इचारायचं, धडधाकट होतं तवा काय खात होतं? तू एवढं लिवलंस, फासळ्या मोजल्यास, तेवढं मातुर लिवलं न्हाईस.

तू नीट जेवतोस का?

अक्का


धारूर, ३ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

शिवकन्येचे अक्षर सुंदर आहे. तिन्ही पोत्यांची माहिती मी तक्त्यात मांडली. पहिल्यात प्रथिने बावीस टक्के, दुसऱ्यात बत्तीस, तिसऱ्यात अठ्ठावीस. चार पाने टिपणे झाली. दोन दिवस विचार करून मी दुसरे ठरवले आहे, कारण बत्तीस हा आकडा अठ्ठावीसपेक्षा मोठा आहे. हे कळायला चार पाने का लागली, असे तू विचारशील. मीही विचारले.

तू नमुना म्हणून जे मूठभर दाणे पुडीत पाठवलेस, त्यातला एक मी स्वतः खाऊन पाहिला. दुसऱ्याला जे खाऊ घालायचे ते आपल्याला माहीत असावे. किंचित खारट आहे, आणि बराच वेळ दातात राहतो. नेमके त्याच वेळी चेअरमन आबासाहेब आत आले. म्हणाले, "सेक्रेटरी, काय खाताय?" मला खोटे बोलता येत नाही. तेव्हापासून संस्थेत मी आत आलो की कोणीतरी हळूच भुंकते.

बिजलीचे वजन घेतले. कॅन मोजायच्या काट्यावर ती उभी राहीना. मग मी तिला उचलून स्वतः काट्यावर चढलो आणि माझे वजन वजा केले. ती सोळा किलो चारशे भरली. माझे वजनही पाच किलो कमी निघाले, पण तो या पत्राचा विषय नाही.

आधी काय खायची, या प्रश्नाचे उत्तर : भाकरी. मनकर्णाबाई देतात ती. टँकर एक दिवसाआड येतो.

पाडव्याला पाच आठवडेही उरले नाहीत. बत्तीसवाले पोते सिदूबरोबर पाठव.

उत्तरेश्वर


घाटनांदूर, ६ मार्च

चि. उत्तू,

बत्तीसवालं पाठवत न्हाई. ताकदीचं पोतं म्हनतोस, त्यात चरबी किती, ते तुझ्या तक्त्यात लिवलंस का? शिवकन्यानं लिवलंय बघ, दहा. तिसऱ्यात अठरा. अरे, गेली अठरा वर्सं खिडकीत बसून लोकांच्या दुधाचं फॅट बघतोस. पॉइंटभर कमी लागलं तर बायामान्सांशी तंडतोस. आन सोताला पोतं घ्यायची येळ आली तवा फॅट बघायला इसरलास व्हय रे? डॉक्टर सांगत होता, दिवसभर पळनाऱ्या कुत्र्याला दम चरबीतून मिळतो. प्रथिनं अंग भरायला. दोन्ही पायजेत. तिसरं पाठवलंय. त्यात पैलं नाव कोंबडीचं हाय, मका मागं.

आता नीट ऐक. पैल्या दिवशी एक मूठ, भाकरीत मिसळून, कोमट पान्यात भिजवून. मग रोज जराजरा वाढव. आठ-दहा दिवसांनी पुरं माप. पोट बदलाया येळ लागतो. पोत्यावर काय का लिवलेलं आसंना.

भाकरी तर आताबी खाती ना ती? मग कमी काय झालं? दोन-तीन म्हैन्यांत काय बदललं तिथं? ध्यान देऊन बघ.

अक्का


धारूर, १६ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

तुझे फॅटचे बोलणे खरे आहे. ते वाचून मी खिडकी अर्धा तास बंद ठेवली. बाहेर बायका म्हणत होत्या, "सेक्रेटरीला काय झालं?" पाहिले तर रांगेत सगळ्यात पुढे छबुबाई होत्या. मागच्याच आठवड्यात मी त्यांच्याशी फॅटवरून वाद घातला होता.

पुढचे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

पोत्यामागे छापील माप आहे : वजन पंधरा ते वीस किलो, काम जास्त, रोज तीनशे ग्रॅम. तू मूठ म्हणालीस. मूठ कोणाची, तुझी की माझी? माझा छापील आकड्यावर विश्वास बसला. शिवाय दिवस थोडे होते. मी पहिल्याच दिवशी तीनशे ग्रॅम मोजून, कोरडे, ताटलीत ठेवले. भिजवले नाही, कारण भिजवल्यावर वजन बदलते आणि नोंद चुकते.

बिजलीने सगळे खाल्ले. मी समाधानाने डायरी लिहिली. दुसऱ्या दिवशीही खाल्ले. तिसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. मी तिला एक वाटी पाणी ठेवले होते, मोजून. तिने ते एका दमात संपवले आणि गुरांच्या हौदाकडे गेली. तिथल्या लोकांनी कुत्रे तोंड घालते म्हणून दगड मारून हाकलली. त्या रात्री तिला हगवण लागली. पुढचे दोन दिवस ती वाड्याच्या कुडाला टेकून पडून होती. तेवढ्यात लांडग्याने दुसरे कोकरू नेले.

सकाळी मनकर्णाबाई सगळा कळप पुन्हा पुन्हा मोजत होत्या. मी समोरून गेलो तर पदर सावरून म्हणाल्या, "भाऊ, तुमी लई केलं." एवढे वाईट मला कोणी आजवर बोलले नव्हते.

बंकट परवा पुन्हा आला होता. त्याने भाव कमी केला.

काय बदलले, असे तू विचारतेस. दुष्काळ पडला, अक्का. आणखी काय बदलायचे?

उत्तरेश्वर


घाटनांदूर, १९ मार्च

चि. उत्तू,

चार दिवस पोतं बंद. भाताची पेज आन ताक दे. पानी तुझ्या घरच्या घागरीतून घे, वाटी मोजू नको. मग माझ्या मुठीनं सुरू कर. माझी मूठ तुला म्हाईत हाय, लहानपनी पाठीत खाल्लीस.

घाबरू नको. हगवनीनं कुत्रं मरत न्हाई. पानी न्हाई मिळालं तर मरतंय.

एक सांगायचं ऱ्हायलं. काल गहिनीनाथ आला होता दुकानात. तुमच्या संस्थेत दुधाचे नमुने काढायला होता तो. दिवाळीत रिटायर झाला, आता हितं लेकीकडं ऱ्हातो. शेळीला भुस्सा न्यायला आलता. तुला नमस्कार सांगितलाय. मंग आपनहून इचारलं, बिजली कशी हाय? मी म्हनलं, तू कावून इचारतो बाबा? तर हसला आन सांगत बसला. अर्धा घंटा सांगत होता.

काय सांगितलं ते मी लिवत न्हाई. तुला म्हाईत हाय. म्हाईत नसंल तर आठव.

अक्का


धारूर, २५ मार्च

ती. अक्कास,

तुझे पत्र सिदूने मला खिडकीतच दिले. नमुने घ्यायची वेळ होती. पत्र वाचताना माझ्या हातात नमुन्याची बाटली होती. आठवायला लांब जावे लागले नाही.

तुला गहिनीनाथमामांनी सांगितलेच आहे. तरी मी माझ्या हाताने लिहितो. लिहिल्याशिवाय मला कोणतीही गोष्ट पूर्ण कळत नाही.

रोज सकाळी प्रत्येक सभासदाच्या दुधातून बाटलीभर नमुना काढतात. फॅट पाहायला त्यातले चमचाभर लागते. बाकीचे उरते. सत्तर सभासदांचे मिळून दोन-अडीच लिटर होते. गहिनीनाथमामा वीस वर्षे ते उरलेले दूध खिडकीखालच्या दगडी कुंडीत ओतायचे. आधी बिजलीच्या आईसाठी, मग बिजलीसाठी. बहुतेक म्हशीचे दूध, सात फॅटचे. मी ज्या प्रथिनांसाठी आणि चरबीसाठी चार पाने टिपणे काढली, ती दोन्ही त्या कुंडीत रोज सकाळी साडेसहाला असायची.

दिवाळीनंतर नमुन्यांचे काम माझ्याकडे आले. मला वाटले, हे दूध सभासदांचे आहे. दुष्काळात थेंब थेंब मोलाचा. मी ते परत मोठ्या कॅनमध्ये ओतायला लावले. कुंडी उलटी करून ठेवली. त्या दिवशी डायरीत लिहिले : "आज एक जुनी गळती बंद केली." शाई बदलून लिहिले होते. आता पाहिले तर 'गळती' हा शब्द दोन वेळा अधोरेखित आहे.

आणि बिजली महिनाभर रोज साडेसहाला येऊन त्या उलट्या कुंडीपाशी बसायची. मी तिला काठी दाखवून उठवायचो. तपासणी अधिकारी कधीही येतो, स्वच्छता ठेवावी लागते. हे मी तुला एकाही पत्रात लिहिले नाही. मी ते लपवले, असे माझे मन म्हणत नाही. ते म्हणते, विषयाला धरून नव्हते. माझे मन कारकुनाचे आहे.

पत्र वाचून मी तसाच मनकर्णाबाईंकडे गेलो आणि सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय की. कुंडी पालथी दिसलीच मला."

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत?"

"तुमी शिकलेले. म्हनलं, काय तरी कारन आसंल."

अक्का, मी शिकलेला आहे. कारणही होते. कारण अगदी बरोबर होते. मी घरी येऊन ते कारण सगळ्या बाजूंनी तपासले. त्यात चूक सापडत नाही. फक्त दोन कोकरे सापडत नाहीत.

येत्या शनिवारी संचालकांची सभा आहे. तिथे उभा राहून सांगणार आहे.

उत्तरेश्वर


घाटनांदूर, २७ मार्च

चि. उत्तू,

रडत बसू नको. सभेत लांबन लावू नको, तुझं भाषन ऐकून लोकं उठून जातात.

कुंडी सरळ केलीस का न्हाई? पत्रात ते लिवलंच न्हाईस. सभा शनवारी, म्हशी रोज सकाळी दूध देतात.

पोतं फेकू नको. भिजवून दुधात घाल. दोन्हीनं लवकर अंग धरंल.

अक्का


धारूर, १४ एप्रिल

ती. अक्कास नमस्कार.

उत्तर उशिरा देतो आहे. आधी पाडवा होऊ द्यायचा होता.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा कुंडी पालथीच होती. सभेच्या ठरावाची वाट पाहत होतो. ती सरळ केली, मातीने घासली.

सभेत मी लांबण लावली नाही. कागद वाचला, फक्त पाच मिनिटे. आबासाहेब ऐकून म्हणाले, "म्हंजी सेक्रेटरी, तुमी कुत्रीचं दूध बंद केलं आन लांडग्याला कोकरं चालू केली." सगळे हसले. मीही हसलो, उशिरा. मग मी म्हणालो की दूध सभासदांचे आहे, तेव्हा सभासदांना विचारल्याशिवाय मी ओतणार नाही. आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "इचारा बाबा. इचारल्याबिगर तुमाला झोप यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी खिडकीत एकेकाला विचारले. छबुबाई म्हणाल्या, "बाटलीभर दूध वापस घेऊन काय आंगुळ करू का मी? घाला की त्या मुक्या जीवाला. आन माझं फॅट नीट लावा." धोंडीरामने सांगितले की गहिनीनाथने वीस वर्षे कोणाला विचारले नव्हते आणि कोणाची हरकतही नव्हती. त्रेसष्ट जणांना विचारले. त्रेसष्ट जण हो म्हणाले. बाकीच्यांच्या म्हशी आटल्या आहेत.

तुझ्या मुठीने सुरू केले. दाणे रात्री भिजत घालतो, सकाळी त्यावर नमुन्याचे दूध. पाण्यासाठी कुंडीशेजारी माझ्या घरची घागर आहे. मोजत नाही. डाव्या बाजूच्या फासळ्या पाच दिसतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बंकट टेम्पो घेऊनच आला. मनकर्णाबाई वाड्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी खिडकीतून पाहत होतो. बिजली अजून पुरती सुधारली नव्हती आणि त्यांनी होकार दिला असता तरी मला बोलायला जागा नव्हती. बंकट आत शिरून एका मेंढीची पाठ चाचपू लागला. बिजली उठली. भुंकली नाही. नुसती चालत गेली, त्याच्या आणि मेंढीच्या मधे उभी राहिली आणि दात दाखवले. बंकट मागे सरकला. पुन्हा पुढे झाला, तशी तिने त्याचे धोतर धरले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "बघा बंकटशेट, आमचं गिऱ्हाईक आधी हिला पसंत पडाया लागतंय." टेम्पो रिकामा गेला. परवा पहाटे लांडगा ओढ्यापर्यंत आला होता. बिजलीने त्याला टेकडीच्या पलीकडे नेऊन सोडले आणि धापा टाकत परत आली. चाळीस मेंढरे आहेत. बेचाळीस होती, हे मी विसरत नाही, आणि मनकर्णाबाई आठवण देत नाहीत.

आता एवढेच सांगायचे राहिले. मी रोज साडेसहाला कुंडीत दूध ओततो. बिजली समोर बसलेली असते. माझ्याकडे पाहते, कुंडीकडे पाहते, पण जागची हलत नाही. पहिल्या दिवशी मला वाटले, दाणे आवडत नसतील. दुसऱ्या दिवशी प्रमाण बदलले. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी आत जावा. तिला अजून तुमची काठी दिसती."

मी आत आलो, दार लावले. मग लपालपा आवाज आला.

तेव्हापासून तसेच चालले आहे. अठरा वर्षांत संस्थेच्या दुधाचा थेंब मी कधी चोरला नाही. आणि आता रोज सकाळी दूध ओतून मी चोरासारखा दाराआड उभा राहतो आणि आवाज थांबेपर्यंत बाहेर येत नाही. बाहेर रांग खोळंबते.

आज दार पूर्ण लावले नाही. बोटभर फट ठेवली. तिने एकदा फटीकडे पाहिले, आणि पीत राहिली.

तुझा,
उत्तू